धाकटीचे त्रेचाळीस प्रेक्षक

सोमवारी सकाळी सात वाजता धाकटीच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एक कपाट आणि त्रेचाळीस माणसं होती. बायका सव्वीस, पुरुष सतरा. एकोणचाळीस जणांनी घडीच्या खुर्च्या सोबत आणल्या होत्या, तिघं पलंगाच्या कडेवर टेकले होते आणि एक गृहस्थ कपाटाला पाठ लावून उभे होते, कारण खुर्चीत बसलं की त्यांची कंबर धरायची. सगळे धाकटीकडे बघत होते. धाकटी मोजे घालत होती.

पहिला प्रेक्षक आला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. वर्गात पाढा म्हणताना जीभ अडखळली, आणि वळून बघते तो फळ्याशेजारी एक टक्कल पडलेले काका खुर्ची उघडून बसलेले. शाळा सुटल्यावर ते मागोमाग घरी आले. दादाने त्यांचं नाव टकलू ठेवलं, आईने पाणी विचारलं, आणि आज जातील, उद्या जातील म्हणता काकांनी मुक्कामच ठोकला. बाराव्या वर्षी सहा जण झाले. ते फक्त तिचे बूट बघायचे. तेराव्या वर्षी एकोणीस झाले, आणि नजर नाक, कान, हसताना दिसणारी हिरडी इथे सरकली. चौदाव्या वर्षी एकतीस झाले, सगळ्यांनी वह्या आणल्या आणि ती जे बोलेल ते टिपू लागले. पंधराव्या वर्षी त्रेचाळीस झाले, आणि तिने अजून न बोललेलंही टिपून ठेवू लागले. तेव्हापासून धाकटीने बाहेर तोंड उघडणं सोडलं. घरात बोलायची, पण न्हाणीघरातून, दार लावून.

घरच्यांच्या हे अंगवळणी पडलं होतं. केर काढताना आई "पाय वर" म्हणायची आणि शहाऐंशी पाय वर व्हायचे.

"माझ्या मॅचला दोन कुत्री आणि एक रेफ्री," दादा म्हणायचा. "आणि हिच्या मोजे घालण्याला हाउसफुल्ल."

पण गुरुवार जवळ येत होता आणि गुरुवारी विज्ञानाची तोंडी परीक्षा होती. सहामाहीला धाकटीने प्रयोग चोख केला होता आणि मग परीक्षकांसमोर नऊ मिनिटं मुक्यासारखी उभी राहिली होती. परीक्षकांनी तिच्याकडे बघत बघतच कागदावर 'गैरहजर' लिहिलं. वार्षिकलाही तोच शेरा पडला, तर पुन्हा तोच वर्ग, तोच बाक आणि शेजारी खालच्या इयत्तेतून वर आलेली मुलं.

बाबांचं घराखालीच चष्म्याचं दुकान होतं. मुलीचं दुखणं काय आहे ते त्यांना कधी नीट कळलं नाही, पण डोळ्यांतलं त्यांना कळायचं. सोमवारी जेवताना त्यांच्या लक्षात आलं की टकलूकाका धाकटीकडे बघताना डोळे बारीक करतात. हात धुतला आणि ते काकांना सरळ दुकानात घेऊन गेले.

"कुठली ओळ वाचता येते?"

"ओळ कुठाय?"

"तक्त्यावर."

"तक्ता कुठाय?"

बाबांनी टॉर्च खाली ठेवला. "काका, मग गेली चार वर्षं माझ्या मुलीत तुम्ही बघता तरी काय?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "एक फिकट, उभट डाग आहे. तो हलतो. वाईट हलतो, असं आमचं सर्वांचं मत पडलं."

मंगळवारपर्यंत बाबांनी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस तपासले. धड दिसत होतं असा एकही नव्हता. दुसरा कुणी असता तर ही खबर मुलीला देऊन निवांत बसला असता. बाबा चष्म्याच्या काचा घासायला बसले.

"अहो, आंधळे होते तेच बरं होतं," आई म्हणाली. "आता डोळस करून सोडताय का पोरीच्या मागे?"

"नजर अधू असलेला माणूस माझ्या दुकानात आला आणि तसाच परत गेला, असं कधी झालंय?"

न्हाणीघराच्या दाराआडून आवाज आला. "बाबा, परीक्षा गुरुवारी आहे."

"काळजी करू नकोस. बुधवारी सगळे तयार देतो."

आईने कपाळाला हात लावला.

गुरुवारी प्रयोगशाळेत धाकटीला बहिर्गोल भिंग मिळालं. त्याचं नाभीय अंतर काढायचं होतं. म्हणजे खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा पडद्यावर स्पष्ट पाडायची आणि भिंगापासून पडदा किती दूर आहे ते पट्टीवर वाचायचं. तिने तीनदा वाचलं, तीनदा लिहिलं. तेवढ्यात मागे बाबांच्या दुकानातल्या चष्म्यांच्या त्रेचाळीस डब्या टकटक उघडल्या.

चष्मे नाकांवर चढले.

"हीच का ती?"

"मुलगी आहे की हो ही."

"मी हिच्याबद्दल अकरा वह्या भरल्यात," कुणीतरी खिन्नपणे म्हणालं.

मग दुसऱ्या रांगेतली एक बाई शेजारच्याला म्हणाली, "तुमचं बटण चुकलंय." त्याने खाली पाहिलं, मग वर, आणि बेचाळीस चष्मे आपल्याकडे वळलेले बघून तो कानापर्यंत लाल झाला. खुर्ची मिटून तो प्रयोगशाळेतल्या कपाटामागे गेला. तिथून साथ पसरली. एकीला आपला भांग वाकडा असल्याचं कळलं, एकाला शर्टावरचा डाग. पहिल्या रांगेत बसायला कुणी तयार होईना. जो तो दुसऱ्याच्या मागे दडू लागला, आणि मागे जागा संपल्यावर माणसं उलट्या पावली चालत व्हरांड्यात निघून गेली.

पाच जण मात्र हलले नाहीत. टकलूकाका त्यांत होते. लोक काय म्हणतील याची त्यांच्या वयाला फिकीर नव्हती. ते पाचही आता धाकटीकडे अगदी स्वच्छ बघत होते. तिच्या हातातली पेन्सिल निसटली.

परीक्षक समोर आले. "हं, सांग. किती आलं?"

तिने तोंड उघडलं. पाच चष्मे पुढे झुकले, आणि तिने ते मिटलं. परीक्षक थांबले, त्यांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा थांबले, आणि त्यांचं पेन कागदावर 'गै' काढू लागलं.

टकलूकाकांना राहवेना. ते बाजूने वाकले, चष्मा नाकावर चढवला आणि पट्टीकडे पाहिलं. "वीस," ते मदत म्हणून कुजबुजले. "वीस म्हण, बाळ. स्पष्ट दिसतंय."

"वीसच," मागची बाई म्हणाली. "मलाही दिसतंय की." पाचांचं एकमत झालं.

परीक्षकांनी पेन उचललं. "वीस का?"

धाकटीने पट्टीकडे पाहिलं. पाचही जण तिरके वाकले होते. डोळा रेघेच्या बरोबर समोर नसला की आकडा सरकतो, हे तिने आठवडाभर करून पाहिलं होतं. वहीत तिच्या हाताने लिहिलं होतं: एकोणीस पूर्णांक सात, एकोणीस पूर्णांक नऊ, एकोणीस पूर्णांक आठ. वीस एकदाही आलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

पाच वह्या उघडल्या.

"हे सगळे बाजूने बघतायत," धाकटी म्हणाली. "समोरून बघितलं तर एकोणीस पूर्णांक आठ सेंटीमीटर."