रिसोडचा नेपाळी उस्ताद

संघपालने ही आफत स्वतःच्याच तोंडाने ओढवून घेतली होती. रिसोडच्या ‘ड्रॅगन बार’मध्ये कामाला लागला त्या पहिल्याच संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने विचारलं, “उस्ताद, कुठले?” पुण्यात चार वर्षं नेपाळी स्वयंपाक्यांच्या हाताखाली काढलेली, डोळे जन्मापासून बारीक, आणि अंगात मस्ती. “नेपाळ, दाजू,” तो नेपाळी ढंगात म्हणाला. झालं. मालक देवानंदने ते ऐकलं आणि आठवड्याच्या आत बोर्डावर रंगवून घेतलं: खास नेपाळचा उस्ताद.

मंचुरियन तेच, चायनीज भेळही तीच. पण नेपाळ्याच्या हातची म्हटल्यावर लोकांना ती जास्त गोड लागू लागली. रममध्ये लिचीचा रस, आलं आणि चिरलेली हिरवी मिरची घालून त्याने ‘लाल ड्रॅगन’ काढलं. व्होडकात संत्र्याचा रस ओतून ‘शांघाय संत्रा’. गल्लीतले मास्तर, सोनार, ट्रॅक्टरवाले ते अशा तोऱ्यात पीत, जणू शांघाय मेहकरच्या जरा पुढेच आहे. संघपालने मात्र भटारखान्याच्या काचेआड लाल टोपी भुवयांपर्यंत ओढून गप्प राहायचं. “तोंड उघडलं तं गिऱ्हाईक गेलं समज,” अशी देवानंदची ताकीद होती. चायनीज स्वयंपाक्याला एवढा पगार वाशिमपर्यंत कोणी देत नव्हतं. असं दीड वर्ष गेलं.

कोबी चिरताना त्याला आबा आठवत. या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती आणि नातवाचं नाव संघपाल त्यांनीच ठेवलं होतं. कोणी विचारलं तर ते मोठ्याने सांगायचं, हे त्यांनी त्याला बाराखडीच्या आधी शिकवलं. ते आठवलं की त्याला स्वतःची लाज वाटायची. मग ऑर्डर यायची आणि तो कढई चढवायचा.

अशात केनवडच्या धम्मदीपाचं स्थळ आलं. मुलगी नर्स. दोनदा फोनवर बोलणं झालं आणि गडी पार विरघळला. दोन्हीकडची मंडळी राजी होती; फक्त मुलीच्या मामांची चौकशी बाकी होती. मुलाच्या कामाच्या जागी न सांगता जायचं, त्याला न भेटता चार लोकांना विचारून यायचं, ही त्यांच्या घरची रीत.

गुरुवारी सातच्या सुमारास पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी माणूस येऊन बसला. त्याने लिंबू सोडा आणि भेळ मागवली. मग गल्ल्यावरच्या देवानंदला विचारलं, “मी केनवडचा सतीश. इथं संघपाल कामाले हाये ना? इंझोरीच्या देवमनचा पोरगा. भाचीच्या सोयरिकीसाठी इचारून राह्यलो.”

काचेआड संघपालचा झारा थांबला.

देवानंदने एकदा काचेकडे पाहिलं, एकदा भरलेल्या टेबलांकडे. “न्हाई जी. आमचा उस्ताद नेपाळचा हाये. संघपाल कोनी न्हाई इथं.”

बोललं तर नोकरी जाणार, गप्प बसलं तर धम्मदीपा. संघपालने टोपी काढली आणि ताटल्या द्यायच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “मामा, मीच संघपाल. देवमनचा पोरगा. इंझोरीचा.”

सगळं हॉटेल हसलं. एका ट्रॅक्टरवाल्याने तर टाळ्याच पिटल्या. “वा रे नेपाळ्या! ऐकलं ते जसंच्या तसं बोलला लेकाचा!”

“म्याच शिकवलं त्याले,” देवानंदने वेळ मारून नेली.

“खरं सांगून राह्यलो, मामा,” संघपाल म्हणाला. हसू आणखी वाढलं. मामांनी जे विचारलं तेवढंच त्याने परत सांगितलं होतं. मामाही हसले, ताटलीत दहाची नोट ठेवली आणि उठले. कढई उतरवून, ॲप्रनसकट टेबलांमधून वाट काढत संघपाल बाहेर आला, तोवर त्यांची गाडी केनवडच्या रस्त्याला लागली होती. त्याने तिथूनच बापाला फोन केला आणि पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवमनचा फोन आला. “बोललो मी मामासंगं. म्हटलं, तो नेपाळी म्हंजे आमचाच पोरगा.”

“मंग?”

“ते म्हणे, दीड वर्ष ज्यानं आपलं नाव-गाव लपवलं, त्याच्या घरी आमची पोरगी कोणत्या नावानं येईन?” देवमनने मामांचा निरोप तिथेच संपवला. “आबानं ठेवलं होतं रे ते नाव,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी संघपाल काचेआड उभा होता. दुसरीकडे जायचं तरी कुठे, हे त्याला दुपारभर सुचलं नव्हतं. सात वाजता तोच ट्रॅक्टरवाला दोन नवे दोस्त घेऊन आला. “उस्ताद, ते कालचं म्हणून दाखव ना.”

“म्हण रे,” देवानंदही म्हणाला. “लोकं त्याच्यासाठीच येऊन राह्यले.”

संघपालने टोपी काढली. आबांनी शिकवलं होतं तसं, मोठ्याने, तो म्हणाला, “मी संघपाल. देवमनचा पोरगा. इंझोरीचा.”

टाळ्या पडल्या. तीन लाल ड्रॅगनची ऑर्डर आली. त्याने टोपी पुन्हा भुवयांपर्यंत ओढली आणि मिरची चिरायला घेतली.