वरच्या सभागृहाचं मौन

हे लिहायचंच नाही, असं वोयतेखने जवळजवळ ठरवलं होतं. लोक म्हणणार, थापा मारतोय. पण डोकं असं तापलं होतं की लिहिल्याशिवाय राहवेना.

बोहुश त्याचा गावाकडचा दोस्त. ओढ्यावर त्याची पाणचक्की, घर त्यावरच चालायचं. लहान पाणचक्क्या बंद करायचा कायदा खालच्या सभागृहाने मंजूर केला, तेव्हा वोयतेखनेच त्याला धीर दिला. "वरचं सभागृह कशाला आहे? आमचे रेझेकसाहेब तिथलेच सभासद, ते आडवे येतील बघ!"

साहेब आडवे झाले खरे, पण जेवणानंतर, सोफ्यावर.

वरच्या सभागृहाला उत्तर द्यायला सहा आठवडे. नाही म्हटलं, तर खालच्यांना पुन्हा मतदान घ्यावं लागतं. काहीच म्हटलं नाही, तर होकार धरतात. घटनेतच आहे तसं. साहेबांचा चिटणीस म्हणून वोयतेख रोज आठवण करायचा. साहेब रोज म्हणायचे, "बघू रे."

मुदतीचा शेवटचा दिवस. साहेब प्रागच्या त्यांच्या लाडक्या खानावळीत बदकाची तंगडी तोडत होते.

"साहेब, आज मतदान नाही झालं तर कायदा पास!"

"ठाऊक आहे."

"मग?"

"नाही म्हटलं तर सरकारातले दोस्त रुसतात. हो म्हटलं तर चक्कीवाले मतं देत नाहीत. म्हणून आम्ही सगळ्यांनीच गप्प बसायचं ठरवलंय. रविवारी गावच्या सभेत छातीठोक सांगेन, माझा हात वर गेलाच नाही. खोटं आहे का?"

"पण कायदा तर होतोच ना!"

"आपोआप होतो. आपण कुठे केला? कोबी घे थोडा, झकास झालाय."

वोयतेखने कपाळावर हात मारला. एवढ्या मखमली खुर्च्या, एवढे पट्टेवाले, आणि काम काय, तर तोंड मिटून बसायचं!

संध्याकाळी बोहुश आला. साहेबांचे आभार मानायला बायकोने खसखशीच्या पोळ्या दिल्या होत्या.

"कायद्याला मत कुणी दिलं?"

"कुणीच नाही."

"म्हणजे पडला!"

"नाही. झाला."

बोहुश भडकला. "अरे, डोकं ठिकाणावर असलेला एक तरी माणूस आहे का तुमच्यात? निदान शिव्या कुणाला घालू ते तरी सांग!"

वोयतेखने हातातली पोळी खाली ठेवली.

"रविवारी सभेला ये. साहेब हात वर गेला नाही म्हणतील, तेव्हा मी सगळ्यांसमोर उठून सांगणार, की त्यांच्या गप्प बसण्यानेच तुझी चक्की बंद झाली. नोकरी गेली तर जाऊ दे. वचन देतो तुला, बोहुश."