चिखलासकट बंद केलेली बॅग

मी एक जुनी बॅग आहे. मित्रांनो, तुमच्या दप्तरासारखी पाठीवर घ्यायची नव्हे, की कपडे कोंबून मावशीकडे न्यायचीही नव्हे. माझ्या पोटात एक अख्खी सायकल मावते. निदान मावत होती. डोंगरात चालवायची, जाड टायरांची, रुंद हँडलची सायकल विमानातून सुखरूप न्यावी, एवढ्यासाठी माझा जन्म झाला.

जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे दिवसभर शिलाई मशीनची घरघर चाले. जाड काळं कापड, आत फोमचे तक्ते, तळाला दोन छोटी चाकं आणि कडेनं फिरणारी भलीमोठी झिप. शिवून झाल्यावर एका तपासनिसानं माझ्या पोटात वाळूच्या पिशव्या भरल्या आणि मला आकड्याला लटकवलं. मी उसवले नाही. "चालेल ही," असं तो म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मग मी सायकलच्या दुकानात आले. माझ्या शेजारी कडक प्लास्टिकची एक पेटी ऐटीत उभी होती आणि खाली पुठ्ठ्याची खोकी घडी करून ठेवली होती. एके दिवशी तिथे तिघं आली. एक काटक मुलगी, तिचा मोठा भाऊ आणि त्यांची आई. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे. डोंगरउतारावरच्या शर्यतीसाठी तिची निवड झाली होती आणि शर्यत समुद्रापलीकडे होती. सायकल न्यायची कशात, हा प्रश्न होता.

विक्रेत्यानं आधी पेटीवर थाप मारली. "हिच्यावर हत्ती बसला तरी सायकलला ओरखडा येणार नाही."

दादानं ती उचलून पाहिली. "अहो, रिकामीच एवढी जड आहे! आत सायकल घातली तर विमानवाले आम्हाला उतरवून हिलाच नेतील."

"आणि घरात ठेवायची कुठे?" आई म्हणाली. "ही आत आली की आपल्यातल्या एकाला जिन्यात झोपावं लागेल."

पुठ्ठ्याचं खोकं हलकं होतं. पण ते जेमतेम एक फेरी टिकतं आणि ओलं झालं की लोळागोळा होतं, हे विक्रेत्यानंच कबूल केलं. मग त्यानं मला खाली काढलं. आई लोकांचे पडदे शिवून द्यायची. तिनं मला आतून उलटं करून प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवला. भिंगरीला मात्र धीर नव्हता. "आई, शिवण काय बघतेस? सायकल बसते का ते बघू या!" तिनं बाहेर उभी केलेली सायकल आत आणली. दादानं तिथेच फरशीवर बसून चाकं काढली, पेडलं काढली, हँडल वळवून फ्रेमला लावलं. मी माझं पोट जमेल तेवढं मोठं केलं. झिप शेवटपर्यंत गेली.

"बसली!" भिंगरी ओरडली आणि तिनं मला चक्क मिठी मारली. दुकानातले सगळे हसले. मित्रांनो, कुणीतरी आपल्याला निवडतं, याचा आनंद काय असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरची वर्षं माझी होती. प्रत्येक प्रवासाआधी दादा सायकल धुवायचा, फडक्यानं कोरडी करायचा, फ्रेमला फोमच्या नळ्या गुंडाळायचा, टायरमधली थोडी हवा सोडायचा. आईनं पडद्याच्या उरलेल्या कापडाचं एक आवरण शिवलं होतं. ते साखळीवर चढायचं. मग मी बंद व्हायचे. विमानतळावर मला पट्ट्यावरून ढकलत, गाडीत फेकत, विमानाच्या पोटातल्या गारठ्यात इतर सामानाखाली दाबत. मी सगळं सोसायचे, कारण दुसऱ्या टोकाला काय होणार ते मला ठाऊक असायचं. झिप सर्रकन उघडायची, उजेड आत यायचा आणि त्या उजेडात भिंगरीचं तोंड दिसायचं. "आहेस ना गं धड?" ती विचारायची. विचारायची अर्थात सायकलला. पण उत्तर मीही द्यायचे.

विमानाला उशीर झाला की ती माझ्यावर डोकं ठेवून झोपायची. इतर खेळाडू माझ्याकडे बोट दाखवून "कुठून घेतलीस?" असं विचारायचे. तिच्या संघात एक ताडमाड मुलगी होती. तिला सगळे शिडी म्हणत. ती दर वेळी म्हणायची, "मला अशीच बॅग हवी." भिंगरी म्हणायची, "बॅग मिळेल, पण तुझे पाय कुठल्या बॅगेत मावणार?"

अशाच एका शर्यतीला आम्ही गेलो. तिथे बरेच दिवस पाऊस लागून राहिला होता. भिंगरी सकाळी दादाबरोबर सायकल घेऊन गेली. भाड्याच्या खोलीत मी भिंतीशी रिकामी पडून तिची वाट पाहत होते. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी दादा आला, सायकल खांद्यावर घेऊन. मागे संघाचे प्रशिक्षक होते. सायकल हँडलपासून चाकांपर्यंत चिखलानं माखली होती.

"धुवून घेऊ या का?" प्रशिक्षकांनी हळूच विचारलं.

"नको," दादा म्हणाला. "आहे तशी भरा."

त्यांच्या तुटक बोलण्यातून मला कळलं. उतारावर निसरडी मुळं होती, चाक घसरलं आणि भिंगरी पाठीवर खडकावर आदळली. ती वाचली होती. पाय मात्र हलत नव्हते, आणि ते पुन्हा हलतील अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवशी कुणी फोमच्या नळ्या लावल्या नाहीत, आवरणही चढवलं नाही. ओला चिखल, ओली साखळी, ओले टायर, सगळं माझ्या पोटात गेलं आणि झिप बंद झाली.

भिंगरी घरी आली, ती चाकाच्या खुर्चीतून. आतल्या खोलीच्या दारातून खुर्ची जाईना, म्हणून तिची खाट बाहेरच्या खोलीत खिडकीशी टाकली. मी समोरच होते.

"ही बॅग माझ्या नजरेसमोरून हलवा," ती म्हणाली.

"हलवते गं. पण आधी उघडून, जरा पुसून ठेवते," आई म्हणाली.

"उघडलीस तर मी जेवणार नाही, आई. आणि दादा, ती आणलीसच कशाला? तिथेच टाकायची होतीस."

दादानं मला माळ्यावर चढवलं आणि तो बाहेर निघून गेला.

माळ्यावरून मला दिसायचं काही नाही, ऐकू मात्र सगळं यायचं. आधी मैत्रिणी यायच्या. त्यांच्यासमोर भिंगरी गप्प बसायची. हळूहळू त्या यायच्या बंद झाल्या. "खिडकी लाव," एवढंच ती दिवसभरात कधी कधी बोलायची. खिडकीतून डोंगराची कड दिसायची, म्हणून. आईचं मशीन चालू असायचं, मध्येच थांबायचं आणि बराच वेळ सुरूच व्हायचं नाही.

आणि माझ्या पोटात चिखल आपलं काम करत होता. बाहेरचं पाणी आत येऊ नये असं माझं कापड होतं. म्हणून आतली ओलही बाहेर गेली नाही. आधी कुबट वास आला, मग गंजाचा. साखळीचे दुवे एकमेकांना चिकटत गेले. मी ओरडू शकत नव्हते. माझ्या आत ती सायकल मरत होती आणि मी तिला घट्ट धरून होते, कारण घट्ट धरणं एवढंच मला शिकवलेलं होतं.

एकदा शिडी आली. तिचा आवाज मी लगेच ओळखला. तिच्या सायकलची फ्रेम तडकली होती आणि मोठी शर्यत तोंडावर आली होती.

"भिंगे, तुझी सायकल देशील? एकाच शर्यतीपुरती. तशीच परत आणून देईन."

खाली खुर्ची करकरली.

"नाही," भिंगरी म्हणाली.

"बरं. मी उगाच विचारलं. राग मानू नकोस." तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. त्या वर्षी ती शर्यतीला गेलीच नाही.

पुढे काळ बराच गेला. शिडी लहान मुलींना डोंगरात सायकल शिकवू लागली. एके दिवशी ती पुन्हा भेटायला आली. या वेळी तिनं काही मागितलं नाही. नुसतं सांगत बसली, की मुली जास्त आणि सायकली कमी. एक पोरगी दिवसभर रांगेत उभी राहते आणि तिची पाळी येईपर्यंत घरी जायची वेळ होते. शिडी गेल्यावर खाली खुर्चीची चाकं वाजली. भिंगरी स्वतः खुर्ची ढकलत माळ्याखाली आली होती.

"दादा, बॅग काढ. त्या पोरीला देऊन टाकू."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. आईनं घाईघाईनं जमिनीवर चादर अंथरली. दादानं मला खाली उतरवलं आणि झिप ओढली. ती हलेना. त्यानं तेल सोडलं, पक्कड लावली. ओढायची पट्टीच तुटून त्याच्या हातात आली. शेवटी आईनं कापड कापायची मोठी कात्री घेतली आणि मला वरपासून खालपर्यंत कापलं. दुखलं म्हणावं तर तसं नाही. उघडत होते, एवढंच मला कळत होतं.

मग वास बाहेर आला आणि तिघांनीही श्वास रोखला.

साखळीचा एकच तांबडा गोळा झाला होता. टायरांना भेगा पडल्या होत्या. फ्रेमचा रंग फुगून सुटला होता आणि त्याखाली ॲल्युमिनियमवर गंजाची पिठासारखी पांढरी भुकटी होती. दादानं एकेक बोल्ट फिरवून पाहिला. एक तुटला, दुसरा जागचा हललाच नाही. "यातला एकही भाग सुटत नाहीये," तो म्हणाला.

भिंगरीनं वाकून नखानं चिखलाचा पोपडा काढला. त्याच्याबरोबर रंगही आला.

"हा त्याच दिवसाचा ना रे?"

"हो."

"धुतला का नाहीस?"

"हातच लाववत नव्हता गं."

"मी तरी कुठे उघडू दिली," ती म्हणाली.

"शिडीला तेव्हाच दिली असती तर..." आई बोलता बोलता थांबली.

सायकल भंगारात गेली. भिंगरीनं शिडीला फोन केला, "माझ्याकडे द्यायला काही नाही गं," एवढंच बोलली आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. मला वाटलं होतं, एकदा उघडले की तिचं मन हलकं होईल. तसं झालं नाही. तिच्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, आणि ती देण्याचं धाडस तिला झालं तेव्हा ती गोष्टच उरली नव्हती.

मी आता इमारतीच्या मागे भिंतीशी पडले आहे. मला कुणी शिवणार नाही, आणि शिवावं असं माझं म्हणणंही नाही. माझं मागणं तुमच्याकडे आहे, मित्रांनो. बॅग निवडताना खूप विचार करता, तो कराच. पण परत आल्यावर ती उघडा. आत काही ओलं असेल, तर त्याच दिवशी बाहेर काढा. रडू येत असेल तर रडत रडत काढा, पण काढा.