झाडावरचा भाव

जास्त भाव देणारा व्यापारी सकाळपासून संत्र्याच्या बगीच्यात विसाराचे पैसे घेऊन बसला होता, आणि इकडे शेवंताबाईंचा लेक मनोहर अन् सौंसरहून आलेला जावई विलास ओसरीवर लढाऊ विमानं विकत घेऊन राहिले होते. तीन वेळा चहा झाला, तरी देशाचा सौदा काही होईना.

"भाऊजी, देशी विमान अर्ध्या भावात पडते!" मनोहरने मोबाइल नाचवला.

"अरे, तुह्या आकड्यात नुसतं विमान हाय. माह्या आकड्यात क्षेपणास्त्रं, सुटे भाग, वैमानिकाचं शिक्षण, सारं धरलं हाय. असा मेळ बसते का कुठं?"

शेवंताबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"मन्या, तू ज्या व्यापाऱ्याले हो म्हटलं, त्याच्या भावात तोडाईची मजुरी कोणाची?"

"ते... नाही विचारलं, आई."

"अन् पेट्या? नागपूरपर्यंतचं गाडीभाडं?"

दुसऱ्या, कमी भाववाल्या व्यापाऱ्याने हे सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि त्यालाच मनोहरने कालच्या काल वाटेला लावलं होतं.

विलास गालात हसला.

"तुमी नका हसू, जावईबापू. साऱ्या सरकारचा हिशेब तुमाले समजते, पण सासुरवाडीच्या बगीच्यातला माल मन्या इकून राहिला तं तोंडातून शब्द नाही!"

शेवंताबाईंनी पदर खोचला, चपला पायात सरकवल्या.

"त्या कालच्या व्यापाऱ्याले फोन लाव, मन्या. बगीच्यातल्याचं मी पाहून घेईन. तोवर बसा दोघं, हवाई दल खोळंबलं असंल."