भागिरथाबाईंची मुलाखत

तान्ही पौर्णिमा झोपली की धम्मदीपाचं ऑफिस उघडायचं आणि ती उठली की बंद व्हायचं. ऑफिस म्हणजे स्वयंपाकघरात गव्हाच्या कोठीवर ठेवलेला लॅपटॉप. नेट तेवढ्याच कोपऱ्यात यायचं, त्याला इलाज नव्हता.

आधी ती वाशीमच्या एका दैनिकात बातमीदार होती. लेक झाली, दैनिक सुटलं आणि हे घरबसल्याचं काम मिळालं. ज्या पत्रकारांना जिवाच्या भीतीनं आपला देश सोडावा लागला, त्यांना परक्या मुलखात पुन्हा पत्रकार म्हणून उभं राहायला मदत करायची. त्यांचे अर्ज नीट करून द्यायचे, मुलाखतीची तालीम घ्यायची आणि कधीकधी नुसतं ऐकून घ्यायचं.

झरमिना त्यांतलीच. काबूलच्या रेडिओवर तिचा आवाज घराघरात ओळखीचा होता. मग राज्य बदललं. एक बातमी तिला कुणी दिली, ते नाव सांग म्हणून माणसं दारात आली. तिनं नाव दिलं नाही, आणि त्यापायी देश गेला. आता ती जर्मनीतल्या एका लहान गावात बेकरीचे ट्रे धूत होती.

उद्या तिची मुलाखत होती. तिथल्या रेडिओला तिच्याच भाषेतल्या कार्यक्रमासाठी बातमीदार हवी होती. अशी जागा पुन्हा कधी निघेल, निघेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि झरमिना म्हणत होती, माझ्याच्यानं आता होत नाही. माईक पाहिला की जीभ टाळूला चिकटते.

"मधल्या काळात आपण काय केलंत?" धम्मदीपानं शक्य तेवढा कडक चेहरा करून हिंदीत विचारलं.

स्क्रीनवर झरमिनानं मान खाली घातली. "माफ कीजिए," ती पुटपुटली.

भागिरथाबाई, म्हणजे धम्मदीपाची सासू, खाली अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांचे कान मात्र कोठीवर होते.

"हे मान काहून खाली घालून राह्यली?"

"आई, मुलाखतीची तालीम आहे."

"मले दिसून राह्यलं ना. पोरगी पाह्यचा कार्यक्रम हाये."

"नोकरीची मुलाखत, आई."

"तेच थे. चार जण टेकून बसतात अन् एकीले घाम फोडतात. सरक तिकडं."

धम्मदीपा सरकली. सासूबाई सरक म्हणाल्या की भिंतसुद्धा सरकते, असं तिचा नवरा प्रसेनजित म्हणायचा.

"जयभीम, बाई."

"जयभीम, अम्माजी." एवढं झरमिना कधीच शिकली होती. लहानपण पेशावरात गेल्यामुळे उर्दू तिला येत होती. भागिरथाबाईंची हिंदी वाशीमच्या बाजारातली होती. पण दोघींचं अडत नव्हतं.

"नीचे कायकू देखती? वो तेरे को देखते, तो तू बी उनको देख. ये मेरी बहू को देखने गए, तो इसनेच मेरे को पूछा, घर में पेपर आता क्या? मैं बोली, हेच पाह्यजे. दस पोरी नापसंद किए, तब ये पसंद की!"

धम्मदीपानं कपाळाला हात लावला. दहा पोरींचं हे पुराण लग्नापासून घरात नांदत होतं. वरण करपलं, दहा पोरी. दूध उतू गेलं, दहा पोरी नाकारून हे आणली.

"अब मेरे को पूछ. कुछ बी पूछ," पदर सारखा करत भागिरथाबाई म्हणाल्या.

झरमिनानं मान वर केली. "पहली लड़की कहाँ की थी, अम्माजी?"

"मानोरा की."

"उसमें क्या कमी थी?"

"कमी..." भागिरथाबाईंनी एक देठ मोडला. "ऊंचाई."

"मना आपने किया, या उन्होंने?"

अंबाडी निवडणारे हात थांबले. झरमिनाचा आवाज बदलला होता. तो खाली उतरला होता, सावकाश झाला होता, कुठेही अडखळत नव्हता. खुर्चीत ती पुढे झुकली होती.

"निरोप... उनकाच आया."

"क्या कहा?"

"बोले, लड़का मुका है क्या? बोलताच नहीं."

"और दूसरी?"

"जऊळके की. उनका बी वोइच."

"तीसरी?"

भागिरथाबाईंनी अंबाडीच्या काडीनं सुनेकडे बोट दाखवलं. "तीसरी ये." आणि घाईघाईनं, "दीपा, तुही पोट्टी उठली वाटते, पाह्य बरं!"

पौर्णिमा अंगठा तोंडात घालून गाढ झोपली होती.

"अम्माजी, एक आदमी की बात से खबर नहीं बनती," झरमिना म्हणाली. "दूसरा कोई बताएगा?"

तेवढ्यात हेल्मेट आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन प्रसेनजित दारात उभा राहिला. धम्मदीपानं लॅपटॉप सरळ त्याच्याकडे वळवला. "माझ्याआधी किती मुली पाहिल्या होत्या?"

"दोन," तो बिचारा खरं बोलला. "दोघींनी नाही म्हटलं. काहून? माय, काय झालं?"

"काही नाई झालं. तू पाय धू जाय!"

धम्मदीपानं ते हिंदीत सांगितलं. झरमिना हसली. इतक्या दिवसांत धम्मदीपानं ते हसू कधी ऐकलं नव्हतं. एवढ्या मोठ्यानं हसली की पौर्णिमा दचकून उठली आणि ऑफिस बंद झालं.

दुसऱ्या दिवशी भागिरथाबाई ताटावर बसल्या होत्या, तेव्हा लॅपटॉपवर फोन आला. झरमिनाच्या अंगावर बेकरीचा अॅप्रन तसाच होता.

"उन्होंने पूछा, आखिरी काम कौन सा किया?" ती धापा टाकत सांगू लागली. धम्मदीपानं पढवलेलं उत्तर तिनं दिलंच नव्हतं. ती म्हणाली, कालचंच. एका सासूबाईंचा दावा दहाचा, निघाले दोन, दोन माणसांकडून खात्री करून घेतली. समोरचे दोघं हसले. मग तिनंच त्यांना विचारलं, तुमच्याकडे कुठली बातमी जाणार, हे कोण ठरवतं? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आधी तीन महिने बघू, म्हणाले. सोमवारपासून.

धम्मदीपानं पौर्णिमेला उगाच कडेवर उचललं.

"माह्यं नाव सांगतलं ना पण?" भागिरथाबाईंनी घास हातात धरून विचारलं.

"नहीं, अम्माजी. दो बार पूछा उन्होंने. मजाक में." झरमिनानं अॅप्रनची गाठ सोडली. "नहीं दिया."

धम्मदीपानं लेकीचं लाळेरं नीट केलं. ते आधीच नीट होतं.

"आता पाहा!" भागिरथाबाईंनी घास तोंडात टाकला आणि चेहरा वाकडा केला. "मीठ पाह्य किती टाकलं भाजीत! दहा पोरी ना..."

स्क्रीनवर झरमिनाची भुवई वर गेली.

भागिरथाबाईंनी घास गिळला, वर पाणी प्यायलं. "बरं, दोन. दोघी जणी नाई म्हणाल्या, तवा कुठी ही भेटली आमाले." मग लॅपटॉपकडे बोट करून म्हणाल्या, "ये लिख ले, बाई. और इसको मेरा नाम डाल."