जावयाचा हातगुण

मस्कतमध्ये मोहसीन अकरा वर्षं एका मोटार कंपनीत होता, हे पनवेलच्या त्याच्या सासुरवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो तिथे पार्ट्सच्या काउंटरवर बसायचा, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न जमवताना पाठवलेल्या फोटोत तो लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली हेल्मेट घालून उभा होता. हेल्मेट दुसऱ्याचं होतं. गाडीखाली तो आयुष्यात तेवढाच एकदा गेला होता, आणि तोही फोटोपुरता.

मस्कत सोडून तो बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामात हिशेबाच्या कामाला लागला आणि सासऱ्यांच्याच बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहू लागला. सुखात दिवस चालले होते. मग हाफिजसाहेबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गाडीचे ब्रेक ओरडायला लागले.

सर्व्हिस सेंटरनं साडेसहा हजारांचा आकडा सांगितला. सासूबाई गुलशन यांनी तो ऐकून तव्यावरची पोळी तशीच करपू दिली.

"घरात एवढा कारागीर असताना बाहेर पैसे ओतायचे?" त्या म्हणाल्या. "काय हो मोहसीनमियाँ, तुम्ही कराल ना?"

'नाही' हा शब्द लहान आहे. पण सासू, सासरे, बायको आणि मेहुणा एकदम आशेनं बघत असले की तो घशातच अडकतो. "त्यात काय एवढं, अम्मी," मोहसीन म्हणाला.

रविवारी सकाळी तो पार्किंगमध्ये उतरला. ब्रेक पॅड त्यानं अगदी अचूक आणले होते. कुठल्या मॉडेलला कुठला पॅड लागतो, हे तो झोपेतही सांगू शकला असता. फक्त तो बसवायचा कसा, एवढंच बाकी होतं. मोबाइलवर व्हिडिओ लावून त्यानं चाकाच्या नटला पाना लावला. नट हलेना. तो पान्यावर उभा राहिला. नट जिथल्या तिथे राहिला, पाना निसटला आणि कंपनीचा कारागीर फरशीवर बसता झाला. वरच्या गॅलरीतून गुलशन यांनी विचारलं, "काय झालं?"

"खालून बघतोय, अम्मी!" बसल्या जागेवरून मोहसीन ओरडला.

मग तो 'एक चक्कर मारून आवाज ऐकतो' म्हणून गाडी घेऊन निघाला तो थेट कामोठ्याला. पनवेलमध्ये प्रत्येक गॅरेजवाला सासऱ्यांना ओळखायचा. कामोठ्यात ती भीती नव्हती. तिथल्या गॅरेजवाल्या विश्वजीतनं तासाभरात पॅड बसवले. मोहसीननं त्याला मजुरी दिली आणि हात जोडले. "हे काम तुम्ही केलंय हे कुणालाही कळता कामा नये. घरची इज्जत आहे."

विश्वजीतनं मान डोलावली. घराच्या कोपऱ्यावर मोहसीननं गाडी थांबवली, चाकाची काजळी दोन्ही हातांना फासली आणि थोडी कपाळालाही लावली. कपाळाची जरा जास्तच झाली. बायको महेक म्हणाली, "ब्रेक बसवलेत की कोळसा विकलात?"

पण ब्रेकचा आवाज गेला होता. चारच दिवसांत हाफिजसाहेब जावयाचं कौतुक करत सुटले. "माशाअल्लाह, हातात गुण आहे पोराच्या! कंपनीलाही असं जमलं नसतं." परिणाम असा झाला की पुढच्या रविवारी सासूबाईंच्या बहिणीची गाडी आली. मग मेहुणा शाहीदची. फुकटात काम करणारा जावई सगळ्यांना परवडत होता. न परवडणारा एकटा मोहसीनच होता. पॅडचे पैसे लोक देत, मजुरी तो स्वतःच्या खिशातून भरत होता. दुसऱ्याच्या गाडीचे ब्रेक स्वतःच्या पैशानं दुरुस्त करून त्याचं श्रेय स्वतःच विकत घेणारा माणूस रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल, असं त्याला वाटू लागलं.

शाहीदची गाडी लिफ्टवर असतानाच विश्वजीतच्या गॅरेजच्या दारात दुसरी गाडी येऊन थांबली. सासूबाईंच्या बहिणीची. आतून हाफिजसाहेब उतरले.

मोहसीन टायरांच्या ढिगामागे गेला. शहाण्या माणसानं करावं असं ते काम नव्हतं, पण पाय आधी गेले.

"विश्वजीत, मागच्या वेळेसारखं जरा तपासून दे," हाफिजसाहेब म्हणाले. "जावयानं केलंय. त्याच्यावर शक नाही माझा. पण ब्रेक म्हणजे ब्रेक. बायकोला कळलं तर घरात घेणार नाही, म्हणून इकडे लांब येतो."

"काका, काम पक्कं आहे," विश्वजीत गाडीकडे न बघताच म्हणाला. "मागच्या वेळीही सांगितलं होतं ना, एक नंबर काम आहे म्हणून?"

म्हणजे ही सारी कीर्ती इथून निघाली होती! विश्वजीतनं स्वतःच्याच कामाची तारीफ केली होती, आणि ती जावयाच्या नावावर जमा झाली होती. मोहसीनला हसू फुटलं. ते दाबायला गेला तर वरचा टायर घरंगळत थेट सासऱ्यांच्या पायाशी गेला.

हाफिजसाहेबांनी टायर बघितला, मग लिफ्टवरची गाडी बघितली. "ही तर शाहीदची!" मग टायरांमागचं डोकं दिसलं.

"सलाम, अब्बा," मोहसीन म्हणाला.

सगळं ऐकून हाफिजसाहेब बाकड्यावर बसले आणि इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "म्हणजे तू करून घ्यायला पैसे देतोस आणि मी तेच तपासायला! आणि सर्व्हिस सेंटर महाग म्हणून आपण ओरडत होतो!"

"चूक झाली, अब्बा."

"चूक माझीही. पण आता शाहीदच्या गाडीचे पॅड तूच बसव. माझ्यासमोर."

विश्वजीत शेजारी उभा राहून सांगत गेला. मोहसीननं ब्रेकचा पिस्टन मागे दाबला, पॅड उलटा बसवला, काढला, सुलटा बसवला. बोट चेपलं. शेवटी गाडी खाली आली आणि त्यानं पेडल दाबलं, तर ते सरळ तळाला गेलं. त्याचा जीवही त्याबरोबर गेला.

"घाबरू नका, चार-पाच वेळा दाबा," विश्वजीत म्हणाला. पेडल घट्ट झालं. हाफिजसाहेब शेजारी बसले, ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत. गल्लीच्या टोकाला गाडी नीट थांबली.

तेवढा वेळ लिफ्ट अडकून पडली म्हणून विश्वजीतनं मजुरी दुप्पट घेतली. स्वतः काम करायचा हा दर मोहसीनला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितला नव्हता.

घरी गुलशन यांनी विचारलं, "झालं का शाहीदचं काम?"

"झालं," हाफिजसाहेब म्हणाले. "मोहसीनमियाँनी या खेपेला फारच छान केलं. खरंच स्वतः केलं."

"या खेपेला म्हणजे?" महेकनं मान वर केली.

मोहसीननं सगळं सांगून टाकलं, हेल्मेटसकट. रात्रीपर्यंत बातमी सगळ्या खानदानात पोचली. त्यानंतरच्या रविवारी एकही गाडी आली नाही. मोहसीन दोनदा गॅलरीत जाऊन खाली डोकावला, आणि आपल्याला चक्क वाईट वाटतंय हे लक्षात येऊन मुकाट्यानं आत आला.