फ्लॉपीतली पत्रिका

सांगलीच्या वरदला वाईच्या एका लग्नात भार्गवी आवडली, आणि तिथूनच त्याची अक्कल चरायला गेली. तिचे वडील, साताऱ्याचे विष्णुपंत, स्थळं बघताहेत हे कळल्यावर वरदच्या आईने पत्रिका काढली. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "पत्रिकाबित्रिका काही पाठवायची नाही. मी माझी वेबसाइट करून नेतो. फ्लॉपी हीच माझी पत्रिका!"

साल अठ्ठ्याण्णव, आणि याला वेबसाइट येत होती कुठे? पण शिकवायला कुणी नको होतं साहेबांना! सायबर कॅफेत बसून कुठल्याशा परदेशी पानाचा कोड जसाच्या तसा उचलला, घरच्या कॉम्प्युटरवर आणला आणि दिसेल तिथे आपला मजकूर कोंबला. एकदा ठळक अक्षरांची खूण बंद करायची राहिली, तर सगळं पान सुजलं. महिनाभर डोकं फोडल्यावर स्वतःचा फोटो, भोवती नाचणारे गुलाब आणि खाली मराठीत 'संगणकतज्ज्ञ' असं एकदाचं उमटलं. आईसुद्धा म्हणाली, "अगंबाई, छान दिसतोयस की रे!" मग काय, गडी एसटीने साताऱ्याला.

विष्णुपंतांच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता. भार्गवी खुर्ची ओढून शेजारी बसली, तशी वरदने ऐटीत फ्लॉपी आत सरकवली. फ्लॉपी खरखरली, पान उघडलं. फोटोच्या जागी रिकामा चौकोन, कारण फोटो सांगलीच्या कॉम्प्युटरातच राहिलेला. मराठी फॉन्टही तिकडेच. अक्षरांच्या जागी नुसती टिंबं, टोप्या आणि आकडे.

विष्णुपंतांनी चष्मा सारखा केला. "काय हो वरदराव, सांगलीकडे कानडी फार वाढलंय म्हणतात, ते हेच का?"

"बाबा, वरच्या निळ्या पट्टीत इंग्रजी आहे," भार्गवी म्हणाली आणि तिने मोठ्याने वाचलं, "पपीज फॉर सेल."

म्हणजे, कुत्र्याची पिल्लं विकणे आहे! ती पट्टी त्या परदेशी पानाची. वरदने तिकडे कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. भार्गवी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. याच हसण्यावर तर तो भाळला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

आठवड्याने साताऱ्याहून फोन आला. आईने तो घेतला आणि आपटला. "काय माणसं तरी! म्हणे पत्रिका जुळत नाही. अरे, आपण दिलीच कुठे होती?"

वरद खाली मान घालून म्हणाला, "दिली होती गं. खरंच जुळली नाही."